बुलढाण्याचा टक्का

२०२४ साली बुलढाणा जिल्ह्यात सात महिन्यांच्या आत दोनदा मतदान झालं. २६ एप्रिलला लोकसभेचं, २० नोव्हेंबरला विधानसभेचं. एप्रिलमध्ये बुलढाणा लोकसभा मतदारसंघात सुमारे ६२ टक्के मतदान झालं आणि चर्चेत ठरलेला शब्द आला : उदासीनता. नोव्हेंबरमध्ये जिल्ह्याचा आकडा ७० टक्क्यांच्या आसपास गेला, तेव्हा हेच मतदार जागरूक ठरले. दोन्ही आकडे तंतोतंत एका मापाचे नाहीत, कारण जिल्ह्यातला मलकापूर विधानसभा मतदारसंघ लोकसभेला रावेरमध्ये मोडतो. पण तेवढ्याने एवढा फरक पडत नाही. एप्रिलमध्ये घरी बसलेला माणूस दिवाळीनंतर अचानक लोकशाहीप्रेमी कसा झाला, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. मी गणिताचा मास्तर. १९९५ ते २०१९ या काळात निवडणुकीच्या ड्युट्या केल्या, त्यातल्या बऱ्याच केंद्राध्यक्ष म्हणून. टक्केवारी दिसली की आधी छेद बघायचा, ही जुनी सवय.

वऱ्हाडात मताचा इतिहासच जरा तऱ्हेवाईक आहे. १८५३ साली निजामाने फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. १९०२च्या करारात तो कायमच्या भाडेपट्ट्यावर गेला आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. कागदोपत्री सार्वभौमत्व मात्र निजामाचंच राहिलं. त्यामुळे १९१९च्या सुधारणा कायद्यानंतर नागपूरच्या कायदेमंडळावर वऱ्हाडातून माणसं निवडून जाऊ लागली तरी त्यांना सरळ निर्वाचित म्हणायची सोय नव्हती. लोकांनी निवडून द्यायचं आणि मग गव्हर्नरने त्याच माणसाची नेमणूक करायची, असा द्राविडी प्राणायाम होता. ‘लोक’ म्हणजे तरी किती? जमीन, सारा, मालमत्ता यांच्या अटीत बसणारे मूठभर. १९३५च्या कायद्याने ही मूठ बरीच सैल केली, १९३७च्या निवडणुकीत मध्य प्रांत-वऱ्हाडात ११२ पैकी ७० जागा घेऊन काँग्रेस सत्तेवर आली, तरीही बहुसंख्य प्रौढ माणसं मतपेटीपासून लांबच होती. शेतमजुराला आणि त्याच्या बायकोला उदासीन असण्याचीसुद्धा परवानगी नव्हती.

त्यातही एक गोष्ट आजच्या चर्चेत कोणी काढत नाही. १९२०च्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार घातला होता. असहकाराचा तो काळ. ज्यांना मत होतं त्यांनी ते द्यायचं नाही, यालाच त्या वर्षी देशकार्य म्हणत. म्हणजे आपल्याकडे मतदान न करण्याचा पहिला मोठा प्रसंग हा राजकारणाचा कंटाळा आलेल्यांचा नव्हता. तो राजकारणात गळ्यापर्यंत बुडालेल्यांचा होता. मतदान केंद्रावर न येणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ साली, बुलढाणा महाराष्ट्रात नव्हता. नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रदेशात होता. मतदारसंघ बुलढाणा-अकोला असा जोडलेला आणि त्याला खासदार दोन : एक सर्वसाधारण, एक अनुसूचित जातीचा. गोपाळराव खेडकर आणि लक्ष्मण भटकर असे दोघे काँग्रेसचे निवडून आले. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. कागदावर खूण करायची नाही, ज्याची पेटी त्यात कागद टाकायचा. शिक्के मारायची पद्धत पुढे आली आणि द्विसदस्य मतदारसंघ १९६१ साली बंद झाले.

आता छेदाचं बघा. पहिल्या निवडणुकीत देशात ४५ टक्क्यांच्या आत मतदान झालं, हा आकडा सगळीकडे दिला जातो. पण दोन मतं असलेला मतदार त्या हिशेबात दोनदा धरलेला आहे. ज्याने एकच मतपत्रिका पेटीत टाकली आणि दुसरी टाकली नाही, तो गणितात अर्धा आला आणि अर्धा घरी राहिला! बुलढाणा-अकोल्यासारख्या जोड मतदारसंघांमुळे देशाचा टक्का होता त्यापेक्षा कमी दिसतो. पहिल्याच आकड्यात ही गोम आहे.

तो आकडा तसाच धरला तरी पुढची वाट घसरणीची नाही. १९६७ साली देशात ६१ टक्के, १९७१ साली ५५, १९७७ साली ६०, १९८० साली ५७, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर १९८४ साली ६४ च्या आसपास, १९९१ साली पुन्हा ५६-५७, आणि २०१९ साली ६७.४. २०२४ साली तो थोडा उतरून ६६ वर आला. ही रेघ झोपाळ्यासारखी आहे. १९८९ पासून मतदानाचं वय २१ वरून १८ झालं, म्हणजे छेदात एकदम कोट्यवधी तरुण आले, तरी ती कोसळली नाही. बुलढाण्याचं म्हणाल तर २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही लोकसभांत टक्का ६१ ते ६४ यांच्या मध्येच फिरला. घसरतो म्हणावं असंही नाही, वाढतो म्हणावं असंही नाही. अडकून बसला आहे.

माझी पहिली ड्युटी फेब्रुवारी १९९५ची, विधानसभेची. शेषन यांचा दरारा होता, साहित्यवाटपाच्या दिवशी मोठेमोठे अधिकारी शाळेतल्या पोरांसारखे याद्या तपासत होते. त्या निवडणुकीत महाराष्ट्रात ७१ टक्क्यांहून जास्त मतदान झालं. तो आकडा राज्याने अजून गाठलेला नाही. २०२४च्या विधानसभेत जेमतेम ६६ टक्क्यांपर्यंत आपण आलो आणि तोही ९५ नंतरचा उच्चांक ठरला. त्याच वर्षी राज्यात ४५ अपक्ष निवडून आले, त्यात सिंदखेडराजाचे राजेंद्र शिंगणे होते. या दोन गोष्टी मी एकत्र वाचतो. पक्षाने दिलेला आणि तालुक्याने उभा केलेला, असे दोन्ही पर्याय समोर असले की लोक येतात. रांग दुपारी दोन वाजता शाळेच्या फाटकाबाहेर गेलेली मी पाहिली, आणि तीही हरभरा काढणीच्या दिवसांत.

पण न येणाऱ्यांकडे माझं लक्ष गेलं ते यादीच्या चिन्हांकित प्रतीमुळे. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. केंद्रात पहिला मतदान अधिकारी बसतो, त्याच्यापुढे मतदार यादीची एक खास प्रत असते. मतदार आला, ओळख पटली, की तो त्याच्या चौकटीवर लाल रेघ मारतो. बाई असेल तर अनुक्रमांकाला गोलही करतो. संध्याकाळपर्यंत ही यादी लाल होत जाते. मग ती सीलबंद होऊन निघून जाते आणि सहसा कोणी तिच्याकडे पुन्हा बघत नाही. माझ्या मते त्या दिवसाचा जिल्ह्याचा सर्वांत खरा दस्तऐवज तोच. लाल रेघा ज्यांच्यावर नाहीत ती नावं वाचावीत.

एका ड्युटीला मी घाटाखाली, सातपुड्याच्या बाजूला होतो. (आमच्याकडे जिल्ह्याचे भाग दोनच : घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेडराजा वर. खामगाव, शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर खाली. बोली, पाऊस, सोयरीक सगळं वेगळं.) चारच्या सुमारास गर्दी ओसरली. यादीत नऊशेच्या आसपास नावं, तीनशे कोरी. दोन पक्षांचे प्रतिनिधी बाकावर शेजारी शेजारी बसून कोऱ्या नावांचा हिशेब लावत होते. सकाळी ते एकमेकांशी बोलत नव्हते.

“हा पुन्याले हाय. हे दोघं भाऊ सुरतले. हे पोरगी देल्ली सासरी, तीन साल झाले.”

“आन हा?”

“हा तं वारला ना बाप्पा. तुम्हीच तं आले होते मातीले.”

असं वीस मिनिटं चाललं. दोघांमध्ये एकाही नावावर मतभेद झाला नाही. शेवटी गावात असून न आलेली माणसं त्यांनी बोटावर मोजली. ती चाळीसच्या आत भरली. त्यातली काही अंथरुणाला खिळलेली, दोन-चार भावकीच्या भांडणामुळे रुसलेली, आणि एक शिकलेला गृहस्थ, ज्याचं म्हणणं होतं की सगळे सारखेच. कोष्टकात त्या केंद्राचा टक्का ६६ लागला. मेलेले, सासरी गेलेल्या, परगावी पोटाला गेलेले आणि तो एक तत्त्वज्ञ, सगळे त्या ३४ टक्क्यांत एका ओळीत उभे.

निवडणूक आयोगाला हे माहीत नाही असं नाही. केंद्राध्यक्षाच्या पिशवीत अनुपस्थित, स्थलांतरित आणि मृत यांची वेगळी यादी दिलेली असते. नाव काढायला नमुना ७, पत्ता बदलायला नमुना ८. बीएलओ म्हणून अंगणवाडीताई नाहीतर माझ्यासारखा मास्तर घरोघर फिरतो. पण मेलेल्या बापाचं नाव कमी करायला मुलाने अर्ज द्यावा, यात त्याला काय मिळणार? आणि पुण्याला गेलेला पोरगा नाव हलवत नाही याचंही कारण असतं. रेशनकार्ड गावात, सातबारा गावात, ग्रामपंचायतीत काका उभा. पुण्यात त्याच्या नावावर वीजबिलसुद्धा नसतं.

आता एप्रिल आणि नोव्हेंबरकडे येतो. फरकाची काही कारणं उघड आहेत. एप्रिलच्या शेवटी घाटाखाली पारा चाळिशी ओलांडतो आणि लग्नसराई असते. नोव्हेंबरमध्ये थंडी, खरीप घरात आलेला. ऑगस्टपासून लाडक्या बहिणींच्या खात्यात महिना दीड हजारांच्या हिशेबाने पैसे येऊ लागले होते, आणि त्याच वेळी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ असून बाजारात माल त्याच्या खाली जात होता. खुशीने यावं आणि रागाने यावं, दोन्हीला निमित्त होतं. दोन निवडणुकांच्या मधे राज्यात वाढलेल्या मतदारसंख्येवरून मोठा वाद झाला, विरोधकांनी आरोप केले, आयोगाने ते फेटाळले. त्यात मी इथे शिरत नाही.

मला महत्त्वाचं वाटतं ते कॅलेंडर. लोकसभेचं मतदान महाराष्ट्रात पाच टप्प्यांत झालं, १९ एप्रिल ते २० मे. बुलढाण्याचा दिवस २६ एप्रिल. पुण्याचा १३ मे, मुंबई-ठाण्याचा २० मे. म्हणजे बुलढाण्यात मतदान होतं त्या शुक्रवारी चाकण-भोसरीचे कारखाने नेहमीसारखे चालू होते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी मिळायला हवी, पण कंत्राटदाराच्या हाताखालचा कामगार ‘आमच्या जिल्ह्यात आज मतदान आहे’ असं कोणाला जाऊन सांगणार? विधानसभेला मात्र सगळ्या राज्यात एकच दिवस होता, २० नोव्हेंबर. त्या दिवशी पुणेही बंद, मुंबईही बंद. आदल्या रात्री गाडीत बसलं की सकाळी चिखली, दुपारपर्यंत मत, रात्री परत. माझा पुतण्या चाकणला एका कारखान्यात कंत्राटी आहे. एप्रिलमध्ये तो आला नाही, नोव्हेंबरमध्ये आला. त्याच्या राजकीय जाणिवेत मधल्या सात महिन्यांत काही क्रांती झाल्याचं मला तरी आढळलं नाही. परगावच्या मतदारांना आणायला उमेदवारांच्या गाड्या जातात, असंही सगळ्याच निवडणुकांत बोललं जातं. मतदारांची फुकट वाहतूक कायद्याने भ्रष्ट आचरणात मोडते. पण ज्याचा टक्का त्या गाडीमुळे वाढतो, त्याच टक्क्याचं दुसऱ्या दिवशी कौतुक होतं, ही गंमतच.

लोकसभेला लोक कमी येतात यामागे आणखी एक जुनं कारण सांगितलं जातं : खासदार लांबचा. १९७७ ते २००४ या काळातल्या निवडणुकांत बुलढाणा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव होता. पहिल्या वेळी रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे दौलत गवई जिंकले. नंतर नागपूरचे बाळकृष्ण वासनिक, १९८४ साली त्यांचे चिरंजीव मुकुल वासनिक वयाच्या २५ व्या वर्षी, आणि पुढे शिवसेनेचे आनंदराव अडसूळ, ज्यांचं राजकारण मुंबईत घडलं. लोक याचा दोष आरक्षणावर टाकतात, तो मला मान्य नाही. जिल्ह्यात त्या समाजात कार्यकर्त्यांचा दुष्काळ नव्हता. मोठ्या पक्षांनी सोयीचा माणूस बाहेरून पाठवला. शिवाय २००९ पासून मतदारसंघ खुला आहे, मेहकरचे प्रतापराव जाधव सलग चार वेळा निवडून आले आहेत, तरी टक्का तिथेच आहे. २०२४ साली तर रविकांत तुपकर अपक्ष उभे होते, शेतकरी आंदोलनातला गावोगाव ओळखीचा चेहरा. त्यांना अडीच लाखांच्या घरात मतं पडली आणि जाधव साधारण २९ हजारांनी जिंकले. लढत इतकी चुरशीची, तरीही ६२. नुसता उमेदवार जवळचा असून भागत नाही. मतदारही जवळ असावा लागतो.

ग्रामपंचायतीला तो येतो. तिथे ८० टक्क्यांच्या वर मतदान झालं तर कोणाला नवल वाटत नाही, कारण एका वॉर्डात दोन मतांनी माणूस पडतो आणि नळ कोणत्या गल्लीत आधी येणार हे त्या दोन मतांवर ठरतं. गंमत म्हणजे याच ग्रामपंचायतीत एकही मत न पडता निवडणूक झाली की आपण तिला बिनविरोध म्हणून हार घालतो. त्यातल्या काही बिनविरोध कशा होतात तेही लपलेलं नाही. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाला म्हणून २०२१ साली राज्य निवडणूक आयोगाला निवडणूकच रद्द करावी लागली होती.

एका मताने काय होतं, हा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी बुलढाणा शहरात आता हाताशी उत्तर आहे. २०२४च्या विधानसभेत बुलढाणा मतदारसंघात संजय गायकवाड यांनी जयश्री शेळके यांचा ८४१ मतांनी पराभव केला. ८४१ म्हणजे एका मध्यम केंद्राची यादी. घाटाखालच्या माझ्या त्या केंद्रावर तीनशे नावं कोरी होती; तशी तीन केंद्रं जमवली की आमदार बदलतो. हे सांगितल्यावर माझ्या कॉलनीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, “बदलून काय झालं असतं?” त्यांच्याकडे कार आहे, केंद्र चालत पाच मिनिटांवर, मत दिलेलं नाही. उदासीन हा शब्द मला अशांसाठी राखून ठेवावासा वाटतो. प्रशासन मात्र मतदार जागृतीच्या फेऱ्या झेडपीच्या शाळेतल्या पोरांना उन्हात फिरवून काढतं, आणि त्या जातात वस्त्यांवरून, जिथली माणसं एकतर मत देतातच किंवा गावात नसतात.

उदासीनतेचा हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडता येतो. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि गट-गणांच्या रचनेचा वाद न्यायालयात अडकला आणि राज्यभर प्रशासक बसले. नगरपालिकांचंही तेच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं, आणि नगरपालिकांचं मतदान व्हायला डिसेंबर २०२५ उजाडला. ज्या संस्थेकडे आपली शाळा, आपला दवाखाना, आपला गावरस्ता, तिच्यासाठी मत द्यायची संधीच तीन वर्षांहून जास्त काळ मिळाली नाही. त्या वर्षांचा टक्का कोणी काढत नाही. शून्याला शून्याने भागता येत नाही हे मी सातवीला शिकवत असे.

मग सक्ती करा, असं दर निवडणुकीनंतर कोणीतरी म्हणतं. ऑस्ट्रेलियात १९२२ साली मतदान ६० टक्क्यांच्या खाली गेलं, १९२४ साली सक्तीचा कायदा आला आणि पुढच्याच निवडणुकीत टक्का ९० च्या वर गेला. पण तिथे मतदार जिथे असेल तिथून मत देऊ शकेल अशा सोयीही आहेत. गुजरातने स्थानिक संस्थांसाठी सक्तीचा कायदा केला, २०१५ साली उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आपल्याकडे सक्ती आली तर दंडाची पहिली नोटीस सुरतला साच्यावर उभ्या असलेल्या त्या दोन भावांच्या गावच्या घरी येईल, आणि ती घ्यायला त्यांची म्हातारी आई असेल.

परगावातून मत देण्याचं एक यंत्र निवडणूक आयोगाने खरोखर तयार केलं होतं. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं ते होतं. २०१९ साली ३० कोटींहून जास्त लोकांनी मत दिलं नाही, त्यात स्थलांतरितांचा वाटा मोठा आहे, असं आयोगाचंच म्हणणं होतं. जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीत पक्षांना प्रात्यक्षिकासाठी बोलावलं. विरोधी पक्षांनी शंका काढल्या : स्थलांतरित म्हणजे नक्की कोण, परराज्यातल्या केंद्रावर आमचा प्रतिनिधी कसा बसणार, आचारसंहिता कोणती लागू. शंका खोट्या नव्हत्या. २०२४ला ते यंत्र वापरात आलं नाही.

पुतण्याला मी म्हटलं, पुण्यातच नाव नोंदव, दरवेळी रात्रीचा प्रवास कशाला. तो म्हणाला, “काका, खोलीचा करार अकरा महिन्यांचा. मालक म्हणतो, या पत्त्यावर काही कागद काढायचे नाहीत. आणि इकडचं नाव काढलं तर उद्या आबा सरपंचाला उभे राहिले की मला काय तोंड दाखवू?” त्याचं नाव अजून गावच्या यादीत आहे.